खालचा माणूस

“मॅडम, माणूस उडत असताना त्याला मध्येच शू लागली तर त्यानं काय करायचं?”

हो, मीच विचारलं. माईकवर. विज्ञान दिनाला, सगळ्या शाळेसमोर, पहिल्या रांगेत मुख्याध्यापक बसलेले असताना. नाझनीन मुल्ला आणि विश्वेश ऐनापुरे या माझ्या दोन जिवलग शत्रूंनी मला मागून कोपरानं ढोसून ढोसून उभं केलं होतं. “हिंमत असंल तर विचार,” नाझनीन म्हणाली होती. “न्हाईतर वर्षभर माझं दप्तर तू उचलायचंस.”

आता तुम्ही म्हणाल, काय आगाऊ पोरगी आहे. पण गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला ‘हजर’ इतक्या हळू म्हणायची, की आठवीत तीन वेळा माझी गैरहजेरी लागली. पहिल्या बाकावर बसलेली असताना! त्यामुळे त्या दिवशी माझा आवाज हॉलच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला तेव्हा मलाच वळून बघावंसं वाटलं, कोण बोललं म्हणून.

हॉल फुटेपर्यंत हसला. मुख्याध्यापकांचा चेहरा कारल्यासारखा झाला. पण पाहुण्या आलेल्या डॉ. मंदाकिनी हर्डीकर हसल्या नाहीत.

“नाव काय तुझं?”

“आर्जवी मगदूम, नववी ब.”

“आर्जवी, उत्तर सोपं आहे. खाली उतरायचं,” त्या म्हणाल्या. “आणि नेमकं तिथंच आमचं घोडं अडलंय. वर न्यायला आम्हाला जमतं. खाली यायला कोणी तयार होत नाही.”

त्या ज्याबद्दल व्याख्यान देत होत्या ती वस्तू म्हणजे तोलपट्टी. जयसिंगपुरात ती तोपर्यंत कोणी पाहिली नव्हती. चष्म्याच्या दांडीएवढी रुंद, मऊ पट्टी, डोक्यामागून दोन्ही कानांपर्यंत येणारी. आपल्या कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, पाणी भरलेल्या तीन बारीक वळणदार नळ्या असतात. त्यांच्या शेजारी एका चिकट थरावर चुन्याचे कण बसलेले असतात, रांगोळीपेक्षाही बारीक. डोकं वळलं की नळीतलं पाणी जरा मागं राहतं. लिफ्ट वर निघाली की ते कण दबतात. त्यावरून मेंदूला कळतं, आपण वळतोय, चढतोय की पडतोय. तोलपट्टी कानामागून अगदी नाजूक वीज सोडते आणि कानाच्या नसेला खोटा निरोप देते: चाललो वर! मेंदू बिचारा भोळा. तो विश्वास ठेवतो. तुम्ही खुर्चीत बसलेले असता आणि आतून अख्खे आकाशात असता.

फक्त डोळे मिटायचे. डोळे उघडे राहिले तर ते लगेच चुगली करतात की खुर्ची जागेवरच आहे. मग कान एक सांगतात, डोळे दुसरं, आणि पोट तिसरंच काहीतरी करून मोकळं होतं.

पट्टी खरं तर कानाच्या दुखण्यानं तोल गेलेल्या लोकांसाठी बनवली होती. पण धडधाकट माणसांना चाचणीत भलतंच सुख लागलं. उतरायचं एक बटण असतं. ते दाबलं की चाळीस सेकंदांत पट्टी अलगद खाली आणते. ते कोणी दाबतच नव्हतं. वीस मिनिटांनी पट्टी आपोआप उतरवायची, आणि मग माणसं झोपेतून ओढून काढल्यासारखी चिडचिडी व्हायची. एका प्राध्यापकांना तर म्हणे रडू आलं.

कार्यक्रमानंतर मॅडमनी मला बोलावलं. मला वाटलं, शिक्षा. त्यांनी विचारलं, “तुला उडणाऱ्या माणसाची एवढी काळजी का?”

मग मी आमच्या खेळाबद्दल सांगितलं. रविवारी दुपारी आमच्या पडवीत आम्ही एक खेळ खेळतो. टेबलावर हातानं काढलेला नकाशा, रंगीत फासे, भडंगाचा डबा, आणि बाकी सगळं डोक्यात. एक जण सूत्रधार, म्हणजे मी. मी सांगते, ‘समोर नदी आहे, पलीकडे किल्ला.’ बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं सांगतात की आम्ही अमुक करतो, आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. विश्वेश म्हणजे भीमरथ लोहार, वजन एकशे चाळीस किलो. विश्वेशचं स्वतःचं सदतीस. आणि नाझनीन म्हणजे शहाबी, पंखवाली चोर.

“त्या पंखांनी माझा जीव खाल्लाय, मॅडम. मी गणिताच्या तासाला लपवून लपवून दरी काढते, तटबंदी काढते, मगरींचा खंदक काढते. आणि ही म्हणते, मी वरनं जातो! संपला खंदक.”

मॅडम आता मात्र हसल्या. आणि त्यांनी आम्हाला दोन पट्ट्या दिल्या. वापरायला, महिनाभर. पालकांच्या सह्या घेऊन, घरात मोठं माणूस असताना, खुर्चीत बसूनच, आणि दिवसाला एकदाच. “मार्चच्या शेवटच्या रविवारी मी येईन,” त्या म्हणाल्या. “उडणारा खेळाडू स्वतःहून बटण दाबून खाली आला पाहिजे. हे तू करून दाखवलंस तर मे महिन्यात पुण्याला ये, आमच्या प्रयोगशाळेत, सहा आठवडे. नाही जमलं तर पट्ट्या परत.”

मी तरंगत घरी गेले. पट्टीशिवाय.

“पुणे?” आई म्हणाली. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही. “तिथं दिवस मावळायच्या आत जेवायला कोण वाढणार तुला?”

आमच्या घरात सूर्य मावळल्यावर कोणी जेवत नाही. आमच्या जैनांच्यात बरेच जण पाळतात. पण आई नुसतं पाळत नाही, ती अंमलबजावणी करते. सव्वासहा वाजले की तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. आम्ही, शेजारी, शेजाऱ्यांचं कुत्रं, सगळे आपापल्या ताटावर हजर.

आप्पांनी पेन घेतलं, सही केली, आणि भिंतीला बोटं लावत आतल्या खोलीत गेले.

आप्पांबद्दल सांगायला हवं. माझे आप्पा वायरमन. जयसिंगपूर ते नांदणी, कुठलाही खांब सांगा, ते चढलेले. आता ड्रोन येऊन तार कुठं तुटली ते बघून जातो, पण जोडायला अजून माणूसच लागतो. दोन वर्षांपूर्वी ते खांबावरून पडले. हाडं जुळली. कानाच्या आत काहीतरी बिघडलं ते राहिलं. तेव्हापासून ते भिंतीला बोटं लावून चालतात, आणि आमच्या घरभर खांद्याच्या उंचीवर एक मळकट रेघ उमटली आहे, पडवीपासून मोरीपर्यंत. आई दोनदा रंग देऊन थकली. डॉक्टरकडे चला म्हटलं की आप्पांचं उत्तर ठरलेलं: “मला काय झालंय? घर फिरतंय, त्याला दाखवा.” हल्ली ते तक्रारीच्या फोनवर बसतात. लोक विचारतात, लाईट कधी येणार? आप्पा म्हणतात, येईल.

पहिल्या रविवारी नाझनीननं पट्टी लावली आणि डोळे मिटले.

“आर्जे! माझी खुर्ची!”

“खुर्ची जागेवर आहे.”

“गप गं, मी वर चाललो!” (आमच्याकडे मुलीही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. लिहिताना मी सुधारते, बोलताना नाही.)

तिचे हात आपोआप पसरले. चेहरा असा झाला, की मी तिला सात वर्षं ओळखते पण तो चेहरा पाहिला नव्हता. ती विचारायची, “खाली काय आहे?” आणि मी सांगायची. नदी, मग तट, मग मगरी, मग बुरूज. माझी तीन आठवड्यांची मेहनत चार मिनिटांत तिच्या पायाखालून गेली.

“मी काय करू?” विश्वेशनं विचारलं.

“तू नदीच्या अलीकडे आहेस.”

“ते म्हाईत आहे. गेल्या रविवारी पण मी तिथंच होतो.”

पुढच्या रविवारी मी वादळ आणलं. पट्टीला वादळाचीही सोय होती. नाझनीन हिरवी पडली आणि मोरीकडे धावली. मग धनुर्धारी आणले. ती बाणांच्याही वर गेली आणि तिथून त्यांना वाकुल्या दाखवायला लागली, डोळे मिटून, आमच्या पडवीत. मग मी तिला भुयारात घातलं. वर दगडाचं छत! मला वाटलं, आता सापडली.

“छत आहे? मग मी आत येतच नाही. बाहेर घिरट्या घालतो. तुमचं होऊ दे सावकाश.”

विश्वेश एकटा भुयारात गेला, आणि पहिल्याच वटवाघळानं त्याला गारद केलं. त्यानं फासा भडंगात फेकला आणि तो भडंग समजून जवळजवळ खाल्ला.

तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, मलाही पंख पाहिजेत. एकशे चाळीस किलोच्या लोहाराला! मी दिले. दुसऱ्याचं मन राखायला गेलं की असं होतं. दोघं दोन खुर्च्यांत माना मागं टाकून, तोंडं उघडी ठेवून, उन्हात पडलेल्या मगरींसारखे पसरले. मी रंगात येऊन सांगत होते, “किल्ल्याचा दरवाजा करकरत उघडतो आणि आतून...”

“भारी,” विश्वेश पुटपुटला. दरवाजाला नाही. ढगांना.

मी गप्प झाले. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला एकदम आठवीतला पहिला बाक आठवला. ‘हजर’ म्हणतेय आणि ऐकू कोणालाच जात नाहीये. त्या टेबलाशी मला आवाज सापडला होता, हो! सहा महिने राक्षस, राजे आणि म्हाताऱ्या चेटकिणी यांचे आवाज काढून काढून मला माझा सापडला होता. आणि आता टेबल होतं, फासे होते, मीही होते, पण खेळ नव्हता.

वीस मिनिटांनी पट्ट्यांनी दोघांना उतरवलं. विश्वेश धुसफुसत उठला. “पुढच्या रविवारी क्रिकेट हाय माझं,” म्हणाला. नाझनीन त्याच्यामागं गेली, जाताना “बघू” म्हणाली. ‘बघू’चा अर्थ मला कळतो.

शेवटच्या रविवारला तेरा दिवस उरले होते. त्यातच एक भानगड लक्षात आली. मी पट्ट्या शनिवारी चार्ज करून ठेवायची, आणि रविवारी त्यातली एक अर्धी रिकामी असायची. मला विश्वेशचा संशय होता. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मी कशाला? तुमच्या घरात घुसाय तुझी आई सोडती का?” ते खरं होतं.

शनिवारी शाळेतून लवकर आले. पडवीत माझ्या सूत्रधाराच्या खुर्चीत आप्पा बसले होते. पट्टी लावलेली. डोळे मिटलेले. दोन्ही हात मांडीवर मोकळे. आप्पांचे हात मोकळे मी दोन वर्षांत पाहिले नव्हते. एक तरी कशाला तरी धरून असतोच.

मी दाराआड उभी राहिले. पट्टीची वीस मिनिटं झाली. आप्पा उतरले, कपाळाला आठ्या पडल्या, त्यांनी पट्टी काढून पुन्हा लावली आणि पुन्हा वर गेले. मग पुन्हा. माझे पाय दुखायला लागले.

“अहो!” सव्वासहाला स्वयंपाकघरातून आवाज आला. “ताटं वाढलीत!”

आप्पा हलले नाहीत.

“अहो, दिवस मावळतोय!”

शेजाऱ्यांचं कुत्रं आपल्या ताटलीपाशी गेलं. आप्पा गेले नाहीत. आई पदराला हात पुसत बाहेर आली, आणि तिनं पाहिलं. मला वाटलं, आता स्फोट. पण ती नुसती उभी राहिली. मी पट्टी ओढायला गेले तर तिनंच माझा हात धरला. “एकदम काढायची न्हाई, असं त्या कागदावर लिहिलंय ना?” सह्या करताना तिनं नियम वाचले होते. आप्पांनी नाही.

पडवीच्या जाळीतून ऊन टेबलावरून खाली सरकलं, फरशीवर आलं, आणि गेलं.

आप्पांनी डोळे उघडले तेव्हा दिवा लावायची वेळ झाली होती. त्यांनी बाहेर बघितलं, मग आईकडे.

“खांबावर असताना सुद्धा उतरून जेवलाय तुम्ही,” आई म्हणाली. “पडलात तो दिवस सोडला तर एकदा चुकलं न्हाई. आणि आज खुर्चीवरनं उतरता येईना?”

तिनं ताट झाकलं. स्वतःचंही झाकलं. मग मीही माझ्या ताटावर झाकण ठेवलं. मला भयंकर भूक लागली होती, खरं सांगते, आणि वांग्याची भाजी होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. क्रिकेट. पडवीत मी आणि आप्पा दोघंच.

“आप्पा, वर काय आहे एवढं?”

ते फासा बोटांत फिरवत राहिले. “वर असलं की घर फिरत न्हाई, आर्जू,” ते म्हणाले. “सगळं कसं जागच्या जागी असतं.”

मग मी विचारलं जे दोन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. “तुम्ही पडलात कसे?”

“नांदणीच्या अलीकडचा खांब. खाली बाळगोंडा होता. आमच्यात वर चढणारा एक आणि खाली उभा राहणारा एक, असं असतंय. हत्यारं दोराला बांधून द्यायची. पण दोर तेवढ्यासाठी नसतो. वरच्याला काय दिसतं? हातातली पक्कड आणि तोंडासमोरची तार. बाकी सगळं खालच्याला दिसतं. उतरायचं झालं की वरच्यानं दोर तीनदा ओढायचा. खालच्यानं सगळं बघून एकदा ओढायचा. म्हणजे, बघतोय मी, ये. ते एक ओढणं आल्याशिवाय पाय हलवायचा न्हाई.”

“मग?”

“दिवस मावळायला आला होता. बाळगोंडा आपल्यातलाच. मीच म्हटलं, जा रे, जेवून घे, माझं पाच मिनिटांचं काम आहे. मग मीही येतोच.” ते जरा हसले. “काम झालं. दोर तीनदा ओढला. सवयीनं. दोर सैलच वर आला. तरी उतरलो. एवढंच.”

 पण खरं सांगू का? माझ्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी चालू होत्या. एक, आप्पांचा हात धरावासा वाटत होता. आणि दुसरी, डोक्यात कोणीतरी ताट पिटत होतं: अरे, दोर! नाझनीनचे डोळे मिटलेले असतात. तिला नकाशा दिसतच नाही! आणि मी काय करत होते? दर मिनिटाला तिच्या कानात सगळं सांगत होते. डोळे, दुर्बीण, वाटाड्या, सगळं मीच! मग विश्वेशची गरज काय? आणि जिची खाली कोणी वाट बघत नाही ती उतरेल तरी कशाला? त्यात मी तिला खाली ढकलत होते, बाण मारून, वादळं आणून. पडेल ना कोणीही तसं. उतरणार नाही.

“आप्पा, तुम्ही आमच्या टेबलावर बसाल का?”

“हा पोरखेळ? मी?”

“बरं, नका बसू. फक्त सांगा, खालचा माणूस वरच्याला काय काय सांगतो?”

आप्पांनी पाऊण तास सांगितलं. हाताच्या खुणा, शिट्ट्या, वारा कुठून हे धुळीवरून कसं ओळखायचं. मध्येच ते टेबलावरच्या नकाशावर वाकले आणि म्हणाले, “हा बुरूज इथं कुणी बांधला? वारा अडतोय ना.” झालं! बसले.

सोमवारी मी नाझनीन आणि विश्वेशला मैदानाच्या कठड्यावर गाठलं आणि ओरडले. हो, मी. “क्रिकेट गेलं खड्ड्यात! विश्वेश, तुझ्याशिवाय ती उडू शकत नाही. आता नियमच आहे तसा.”

“म्हंजे मी महत्त्वाचा?”

“भयंकर.”

“मग येतो.”

मार्चचा शेवटचा रविवार. डॉ. हर्डीकर साडेपाच वाजता आल्या. घरात शिरताच त्यांची नजर भिंतीवरच्या रेघेवर गेली, आणि पडवीपासून आतपर्यंत तिच्यामागून गेली. मग त्या भडंग खात कोपऱ्यात बसल्या.

नवा नियम असा. सूत्रधार उडणाऱ्याशी बोलणार नाही. उडणाऱ्याशी बोलायचं ते फक्त खालच्यांनी. आणि नाझनीनच्या डाव्या हातापासून टेबलावरून विश्वेशच्या मुठीपर्यंत खरी सुतळी, आईच्या डब्यातली. आप्पांचं पात्र? मी पंधरा नावं सुचवली. त्यांनी लिहिलं: ‘खालचा माणूस’. कौशल्य: ‘बघणे’.

काम साधं होतं. सात बुरुजांवरचे विझलेले दिवे शहाबीनं उडत जाऊन लावायचे. धुकं दाट. धुक्यात कुठंतरी एक दगडी गिधाड.

“मी पोचलो का बुरुजावर?” नाझनीननं डोळे मिटून विचारलं. सवयीनं माझं तोंड उघडलं. मी ते हातानं बंद केलं. अवघड जातं हो!

“अजून दोन घरं पुढं,” विश्वेश नकाशावर नाक टेकवून म्हणाला. “थांब! डावीकडं सर, डावीकडं! गिधाड!”

“कुठाय?”

“तुझ्या शेपटीला!”

“मला शेपटी कुठाय रे, म्हशा?”

फासा. गिधाड हुकलं. विश्वेशनं टेबलावर अशी थाप मारली, की मॅडमचा चहा सांडला. एक दिवा, तीन दिवे, पाच. प्रत्येक दिव्यासाठी भीमरथ खालून तेलाची बुधली दोराला बांधायचा आणि नाझनीन ती ओढायची. तो लोहार पहिल्यांदाच नदीच्या पलीकडे गेला होता, धावत, आणि त्याचं कोणाला आश्चर्यही वाटलं नाही.

सहाव्या दिव्याला मी धुकं आणखी दाट केलं. नकाशावर ओला टिश्यू टाकला. विश्वेशलाही काही दिसेना. पट्टी नाझनीनला मंद गोल फिरवत होती, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. “आर्जे, हे खेळातलं न्हाई. मला खरंच कळंना मी कुठाय. काढू का पट्टी?” तिचा हात कानाकडे गेला.

“हात खाली,” आप्पा म्हणाले.

तो आवाज तक्रारीच्या फोनवरचा नव्हता. तो मी लहानपणी खांबाखाली उभी राहून ऐकला होता. आप्पांनी विश्वेशच्या मुठीतून सुतळी घेतली.

“नाझनीन, दोर हाय ना हातात? ताण जाणवतोय?”

“हां.”

“तो मीच हाय. कुठं जात न्हाई. आता सातव्याचं राहू दे. अंधारात राहिलेला एक दिवा उद्या पण लावता येतो. तुला उतरायचंय का?”

 घड्याळात अकरा मिनिटं. अजून नऊ होती तिच्याजवळ. मॅडमनी पेला खाली ठेवला. पट्टी, पुणे, टेबल, सगळं त्या सुतळीला लटकलं होतं.

सुतळी हलली. एकदा. दोनदा. तीनदा.

आप्पांनी लगेच उत्तर दिलं नाही. आधी टिश्यू उचलला, नकाशा नीट बघितला, वारा बघितला. कागदावरचा! मग एकदा ओढलं.

“बघतोय मी. ये.”

नाझनीननं बटण दाबलं. स्वतः. चाळीस सेकंद आप्पा बोलत राहिले. “उजवा पाय. टेकला? आता डावा. श्वास घे. धर भिंत.” शेवटचं खेळात नव्हतं, ते सवयीनं आलं. नाझनीननं डोळे उघडले आणि पहिली गोष्ट काय केली असेल? रडली नाही, चिडली नाही. विश्वेशच्या पाठीत धपाटा घातला. “शेपटी म्हणं!”

“जेवायलाऽऽ!” आतून आरोळी आली. “पाहुण्याबाई, तुम्ही पण! दिवस मावळतोय!”

“आमचं यंत्र हे करू शकणार नाही,” मॅडम ताटावर बसल्या तेव्हा म्हणाल्या. “आम्ही तीन वर्षं बटणाचा रंग बदलतोय. खाली कोणीतरी धरून बसायला हवं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.” मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “ही भिंतीवरची रेघ कोणाची?”

“घराची,” आप्पा म्हणाले.

“त्यांची,” आई म्हणाली आणि मॅडमना आणखी एक भाकरी वाढली. लाच म्हणून असावी.

त्यानंतर आठवडाभर घरात पुण्याचा विषय निघाला की आईला भांड्यांची आणि आप्पांना फोनची आठवण यायची. मॅडमचा फॉर्म टेबलावर तसाच. मला दोघांची भीती कळत होती. आईला वाटत होतं, मी गेले की वेळेवर परत येणार नाही. आप्पांना काय वाटत होतं ते त्यांच्या बोटांवरून कळायचं. ती रेघ त्या आठवड्यात जरा जास्तच काळी झाली.

म्हणून परवा मी काय केलं, सहा वाजताच तिघांची ताटं स्वतः वाढली, सुतळीचं बंडल मध्ये ठेवलं आणि खुर्चीवर उभी राहिले. बसून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

“आई, आप्पा, माझं ठरलंय. मध्ये कोणी बोलायचं नाही, मी सूत्रधार आहे. मी मे महिन्यात पुण्याला जाणार. सहा आठवडे. दर रविवारी सहा वाजता मी तीनदा मिस्ड कॉल देईन. तुम्ही एकदा द्यायचा. तो आल्याशिवाय मी तिथं पाऊल हलवणार नाही, आणि तो द्यायला तुम्हाला घरी असावं लागेल, मोकळ्या हातांनी. आप्पा, सोमवारी मॅडमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे तुम्ही कान दाखवणार आहात, घर नाही. पट्टी लावायची ती औषधाची, आणि दोर आईच्या हातात. ती सव्वासहाला कसा ओढते ते बघूच आपण, कसे उतरत नाही तुम्ही! आणि रविवारी नाझनीन आणि विश्वेश येतील. सातवा दिवा राहिलाय. मी नसताना माझ्या खुर्चीत आप्पा बसतील. नकाशे मी काढून ठेवलेत. बुरूज वाऱ्याच्या बाजूनं हलवलाय. फॉर्मवर ‘पालक’ अशी जागा होती, तिथं मी तुमच्या दोघांची नावं लिहून पुढं ‘खालची माणसं’ असं लिहिलंय, पेननं, त्यामुळे आता खोडता येणार नाही. झालं माझं. आता जेवा, वीस मिनिटं उरलीत.”